तीन वेळा, तीन रोग : आप्पांची मारुती ८००

गाडी मारुती ८००, १९९३ सालची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पॉइंट-कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारी जुनी जोडी), एसी नाही. मालक पारोळा तालुक्यातले निवृत्त शिक्षक, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. माझं गॅरेज अमळनेरला. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता, आणि तक्रार आप्पांच्याच शब्दांत अशी : "सकायले चालू व्हत नही, दुपारले बंद पडस, आन उभी ऱ्हायनी का थरथर कापस."

कधीपासून, असं विचारलं तर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. मास्तर माणूस. डावीकडच्या पानांवर खर्च, उजवीकडच्या पानांवर गाडीचं वागणं. डावीकडे दोनदा प्लगचा सेट, नवी कॉइल, नवी बॅटरी, कार्बोरेटरचं किट, आणि शेवटी अख्खा कार्बोरेटर नवा, तोही डुप्लिकेट. तीन मेकॅनिक झाले होते, चौदा हजारांच्या वर गेले होते. उजवीकडचं पान मात्र तिघांपैकी एकानेही वाचलेलं नव्हतं. आप्पांनी दाखवलं नव्हतं असं नाही. "राहू द्या आप्पा, गाडी आणली ना, बघतो," असं म्हणून वही परत पिशवीत गेली होती.

मी चहा मागवला आणि ते पान वाचलं. तारखा गाळून तीन नोंदी इथे देतो, त्यांच्यात सगळं आहे.

"सकाळी ६.१०. सेल्फ अकरा वेळा. एकदा चालू झाल्यावर दिवसभर पहिल्या सेल्फात."

"मंगळवार, दुपारी १.२०. मंगळग्रह मंदिराबाहेर ४० मिनिटं उन्हात. चालू होईना. फडका ओला करून इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ठेवला. दहा मिनिटांनी चालू. याउलट जाताना पारोळ्यात पेट्रोल भरायला दोन मिनिटं बंद केली होती, तेव्हा लगेच चालू झाली."

"रात्री हेडलाइट लावली की उभ्या गाडीचा आवाज खाली जातो आणि बंद पडते. पळताना काही नाही."

आधीच्या तिघांनी या सगळ्याला मिळून एक रोग मानलं आणि त्या रोगाचं नाव कार्बोरेटर ठेवलं. कार्बोरेटरवर बाहेरून फिरवता येतील असे दोन स्क्रू असतात, म्हणून पहिला हात तिथेच जातो. मीही पहिली दहा वर्षं तेच केलं. पण प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमजोर असतं तर दिवसभर पहिल्या सेल्फात चालू झाली नसती. आणि दुपारी दोन मिनिटं थांबून चालू होणारी गाडी चाळीस मिनिटं थांबल्यावर अडते, यात गाडी गरम असणं हे कारण नाही, इंजिन गरम असताना बराच वेळ बंद उभी राहणं हे कारण आहे. म्हणजे रोग तीन, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

आप्पांना म्हटलं, गाडी रात्रभर राहू द्या. त्यांना ते पटलं नाही. दिवसा सगळं दिसत असताना रात्रीचं काय काम, असा त्यांचा प्रश्न. शेवटी एसटीने गेले.

सकाळ

या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीला समोरून एक छोटी काच असते आणि तिच्यावर पेट्रोलच्या पातळीची खूण. नव्या कार्बोरेटरलाही होती. रात्री गाडी बंद करताना पातळी खुणेवर होती. सकाळी सहाला टॉर्च मारून काच पाहिली (काचेमागे काही दिसतं की नाही हे टॉर्चशिवाय कळत नाही) तर पातळी खुणेच्या बरीच खाली. गाडीची बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर टिकत होती. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही.

दुसरं काही न उघडता सिरिंजने थोडं पेट्रोल कार्बोरेटरच्या गळ्यात सोडलं आणि पोराला किल्ली मारायला सांगितलं. अर्ध्या फेरीत चालू, तीन-चार सेकंद पळाली, पुन्हा बंद. एवढ्या दोन मिनिटांच्या कामातून स्पार्क, कॉम्प्रेशन आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) या तिन्हींवर, निदान सकाळच्या तक्रारीपुरता, काट मारता आला. गाडीला सकाळी पेट्रोलच मिळत नव्हतं.

वाटीतलं पेट्रोल रात्रीत थोडं उडतंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, बंद केलेल्या इंजिनाची धग वाटीला तासभर लागत राहते, आणि पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांनाच उकळायला लागतो. ते उडणार. पण नळी आणि पंप भरलेले असतील तर थोड्या सेल्फांत वाटी भरते. इथे अकरा सेल्फ लागत होते, म्हणजे नळीही रिकामी होत होती. पंपाची येणारी नळी काढून पाहिली, आत हवा.

आप्पा एसटीने परत आले तेव्हा मी गाडीखाली होतो. पहिला प्रश्न, "कोठे गळस का?" कुठेच गळत नव्हतं, आणि म्हणूनच कोणाला सापडत नव्हतं. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ही ओढणारी बाजू. तिथे चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी चालू असताना पंप हवा आणि पेट्रोल दोन्ही ओढून वेळ मारून नेतो. बंद केली की त्या चिरेतून हवा शिरते आणि नळीतलं पेट्रोल उतारावरून टाकीकडे परत जातं. टाकीच्या जवळ रबरी नळी क्लॅम्पखाली दुमडली होती. दाबली तर सुकलेल्या आंब्याच्या सालीसारखी तडकली.

रबर का तडकलं, यावर मी ठामपणे एकच कारण सांगणार नाही. तीस वर्षांचं रबर, खान्देशचं ऊन. पण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्या काळची रबरी नळी, पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), कार्बोरेटरच्या पॅकिंगा हे काही इथेनॉल गृहीत धरून बनलेले नव्हते. जुन्या गाड्यांत हल्ली मी आधी रबर बघतो. नळी घेताना इथेनॉल चालणारी इंधनाची नळी मागून घ्यावी. पाण्याची किंवा हवेची नळी स्वस्तात बसवली तर सहा महिन्यांत तीच तक्रार परत येते. नळीचे तुकडे बदलले, क्लॅम्प नवे, पंपाच्या आतल्या दोन झडपाही तपासल्या. पंप चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फात नाही, तिसऱ्यात चालू झाली. मी म्हटलं चालेल. हे "चालेल" पुढे मला महाग पडलं, पण ते शेवटी.

थरथर

इथे माझा अर्धा दिवस वाया गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चालू झाल्यावर गाडी उभ्या जागी अशी हलायची की आरशात मागचा रस्ता दिसत नसे. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक जरी आळशी झालं तरी असंच होतं. उरलेली दोन त्याला झाकू शकत नाहीत. प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. १ आणि २ नंबरची काढली की इंजिन लगेच खाली बसायचं. ३ नंबरची काढली तर फरक जेमतेम. पण रेस थोडी वाढवली की तिन्ही सारखी. आळस फक्त उभ्या गाडीत.

मग एअर क्लीनरचं झाकण काढलं आणि चोकची पट्टी (थंड गाडी चालू करताना हवा अडवते ती) बोटाने अर्धी मिटली. इंजिन एकदम गुळगुळीत. बोट काढलं, पुन्हा थरथर. ही चाचणी फुकटची आहे आणि खोटं बोलत नाही. चोक मिटला की हवा कमी, पेट्रोल जास्त. त्याने इंजिन सुधारलं याचा अर्थ त्याला हवा नको तितकी मिळत होती. एकतर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदला होता, नाहीतर कुठूनतरी चोरून हवा शिरत होती. जेट उघडून फुंकला, साफ होता. उभ्या गाडीला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) किल्ली लावल्यावर "टिक" असा आवाज येतो, तोही आला. मिक्चर स्क्रू (उभ्या गाडीत पेट्रोल कमी-जास्त करणारा) पाहिला तर साडेपाच फेऱ्या उघडा. एवढा स्क्रू कोणी हौसेने उघडत नाही. हवा आत येत होती, ती भागवायला आधीच्या मेकॅनिकने पेट्रोल वाढवलं होतं.

चोरून येणारी हवा रेस वाढल्यावर का लपते? उभ्या गाडीत थ्रॉटलची पट्टी (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी) जवळजवळ बंद असते, इंजिन एकूण हवाच थोडी पितं, आणि मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेत) ओढ सगळ्यात जास्त असते. तेव्हा पेन्सिलएवढं भोकही मोठं ठरतं. रेस दिली की दरवाजाच उघडतो, भोकाची किंमत उरत नाही. आप्पांच्या हेडलाइटच्या नोंदीचं उत्तरही यातच आहे. दिवे लावले की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) जड होतो आणि आधीच धापा टाकणारं इंजिन तो भार उचलू शकत नाही. बॅटरी बदलून यात काहीच होणार नव्हतं.

३ नंबरजवळच आळस, म्हणजे मॅनिफोल्डची पॅकिंग त्या बाजूने फुंकत असणार, असं मी ठरवून टाकलं. साबणाचं पाणी जोडावर सोडलं. थोडा आवाज बदलल्यासारखा वाटला. "वाटला" हा शब्द मेकॅनिकने वापरला की समजावं, त्याला जे हवं होतं तेच ऐकू आलं. मॅनिफोल्ड उतरवलं, नवी पॅकिंग टाकली, जेवायच्या वेळेपर्यंत जोडलं. फरक रुपयात चार आणे.

मग जे आधी करायचं ते केलं, मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज काढलं. चांगल्या इंजिनात उभ्या गाडीला काटा साधारण पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांत स्थिर राहतो. गेज लावायला जागा हवी म्हणून मॅनिफोल्डच्या पोटाखाली वापरात नसलेली एक नळकांडी असते, तिच्यावरची रबराची टोपी काढायला हात घातला. ती टोपी हातात आलीच नाही, तिचा चुरा आला. वरून शाबूत दिसत होती. खालच्या अंगाला फाटून उघडी होती. तासापूर्वी मॅनिफोल्ड माझ्या हातात होतं, पण मी फक्त जोडाचा पृष्ठभाग पाहिला होता. साबणाचं पाणी वरून सोडल्यावर ते खालच्या फटीपर्यंत कसं पोचेल?

ती नळकांडी ३ नंबरच्या वाटेजवळ होती. बोटाने बंद केली तेव्हा इंजिनाची रेस आपोआप वर चढली आणि थरथर निम्म्याहून कमी झाली. टोपीची किंमत दहा रुपये. मॅनिफोल्डच्या पॅकिंगची मजुरी मी आप्पांच्या वहीत लिहू दिली नाही.

उरलेली थरथर पॉइंटची निघाली. पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकडी, फट ०.२५ मिलिमीटर. नवा पॉइंट-कंडेन्सर घालून फट ०.४५ केली, प्लगची फट ०.७५. इथे क्रम चुकवू नये. पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप सरकतं, म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग लाइटने टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने केलेलं काम दोनदा करावं लागतं. टॅपेट (झडपांच्या फटी) थंड इंजिनावर पाहिले, एक जरा घट्ट होता, सैल केला. गेजचा काटा १८ वर उभा राहिला.

पण आता चोरटी हवा बंद आणि स्क्रू साडेपाच फेऱ्या उघडा. सायलेन्सरमधून काळा धूर आणि डोळे चुरचुरतील असा वास. स्क्रू आत घेत गेलो, इंजिन अडखळायला लागलं तिथून पाव फेरी मागे आलो, स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास ठेवला. कानावर विश्वास असला तरी पीयूसी सेंटरवर नेऊन मशीनला लावली. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आमची २.१ आली. पीयूसीचं मशीन लोक फक्त सर्टिफिकेटसाठी वापरतात. माझ्या मते गावातल्या गॅरेजसाठी यापेक्षा स्वस्त डॉक्टर नाही.

स्क्रू जुन्या पुस्तकातल्यापेक्षा थोडा जास्तच उघडा राहिला, आणि तो तसाच ठेवला. नुसत्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. २० टक्के मिसळीला ती साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे जुन्या जेटने दिलेलं मिश्रण आता सात-आठ टक्के कोरडं पडतं. संगणकवाली गाडी हे स्वतः भरून काढते. कार्बोरेटरला ते कोणीतरी सांगावं लागतं.

दुपार

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दीड वाजता गाडी उन्हात चालवून आणली आणि गॅरेजसमोर सावली नसलेल्या जागी बंद करून अर्धा तास सोडली. चालू झाली नाही. प्लग काढला, कोरडा. हे पाहणं महत्त्वाचं, कारण गरम इंजिन दोन उलट कारणांनी अडतं. पेट्रोल चढून फ्लड झालं असेल तर प्लग ओला आणि वास येतो. तेव्हा चोक न ओढता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच्या नळीत वाफ कोंडलेली असते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. काचेत बघितलं तर पेट्रोल खदखदत होतं.

आप्पा तोवर ओला फडका घेऊन उभे होतेच. त्यांच्या या उपायाला आधीच्या दोन मेकॅनिकांनी हसून घेतलं होतं. मी फडका पंपावर ठेवू दिला. गाडी सहा मिनिटांत चालू झाली. वाफ थंड होऊन तिचं पुन्हा पेट्रोल झालं. तो फडका हेच निदान होतं, फक्त कोणी ते लिहून घेतलं नव्हतं, आप्पा सोडून.

पंपापासून मागे गेलो तर कारणं दोन. एक, या गाडीला परतीची नळी असते; पंपाकडे आलेलं जादा पेट्रोल ती टाकीत परत नेते, त्यामुळे नळीतलं पेट्रोल वाहतं आणि थंड राहतं. ती नळी कोणीतरी स्क्रू घालून बंद केली होती. सकाळी पेट्रोल मिळत नाही म्हणून "पेट्रोल परत जायला नको" हा विचार असणार. सकाळच्या रोगावर केलेल्या या इलाजाने दुपारचा रोग जन्माला घातला. दोन, नवा डुप्लिकेट कार्बोरेटर बसवताना त्याच्याखालचा जाड बेकलाइटचा तुकडा काढून पातळ कागदी पॅकिंग लावली होती. तो तुकडा उंची वाढवायला नसतो, मॅनिफोल्डची धग कार्बोरेटरला लागू नये म्हणून असतो.

"जुना कार्बोरेटर फेकला का?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "फेकू कशाले?" गव्हाच्या कोठीमागे गोणपाटात बांधून ठेवलेला होता, बेकलाइटसकट. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने मोटारसायकलवर आणून दिला. तो उघडला, जेट तारेने न खुपसता हवेने साफ केले (तारेने जेटचं भोक मोठं होतं आणि मग कोणताच स्क्रू उपयोगी पडत नाही), नवं किट घातलं, आणि बेकलाइट दोन्ही बाजूंनी नव्या पॅकिंगसह बसवला. नट समान ओढले, जोर लावून नाही. जास्त ताणला तर बेकलाइट वाकतो आणि पुन्हा हवा. परतीच्या नळीतला स्क्रू काढला. पेट्रोलची नळी गरम भागापासून बाजूला वळवून बांधली. कार्बोरेटर बदलल्यामुळे मिक्चर पुन्हा लावला, पुन्हा पीयूसी.

चौथ्या दिवशी दुपारी ४० मिनिटं उन्हात उभी करून आप्पांनाच किल्ली मारायला लावली. चालू झाली. त्यांनी फडका खिडकीतून बाहेर पिळला, काच पुसली आणि बिल मागितलं. नळ्या, पॉइंट, कंडेन्सर, पॅकिंगा, किट आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत. टोपीचे दहा रुपये त्यांनी वहीत वेगळे लिहिले, अधोरेखित करून.

पावसाळा नीट गेला. डिसेंबरमध्ये आप्पांचा फोन. रात्री पारा दहाच्या खाली गेला होता, आणि गाडी सकाळी पुन्हा सात-आठ सेल्फ घेत होती. काचेत पातळी खुणेवर, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मी त्यांना एअर क्लीनरचं झाकण काढून चोकचा दांडा पूर्ण ओढायला आणि आत पट्टी कुठे येते ते बघायला सांगितलं. फोनवर नातवाचा आवाज : पट्टी अर्धीच मिटते. चोकची वायर ढिली होती. मे महिन्यात मी पट्टी बोटाने मिटवून पाहिली होती, आतला दांडा एकदाही ओढला नव्हता. त्या उन्हात चोकची गरज जेमतेम होती, म्हणून तिसऱ्या सेल्फात चालू झाली ते मी "चालेल" म्हणून सोडून दिलं होतं. वायर कशी ताणायची ते नातवाला फोनवरच सांगितलं. दहा मिनिटांनी इंजिनाचा आवाज ऐकू आला, आणि मागून आप्पांचा, "तारीख लिख रे."